गंज आतून लागतो

गाडीचा सायलेन्सर बाहेरून गंजतो असं आपण धरून चालतो. पाऊस, चिखल, समुद्राची खारी हवा. आम्हा कोकणातल्यांना तर दोष द्यायला हे सगळंच हाताशी आहे. पण बहुतेक सायलेन्सर आतून सडतात. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात धुराबरोबर निघतं. इंजिन नीट तापलं असेल तर ती वाफ मागच्या नळीतून बाहेर पडते. पण सकाळी गाडी काढली, मासळी बाजारात जाऊन आलो आणि दहा मिनिटांत परत दारात लावली, तर ती वाफ सायलेन्सरच्या थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते. धुरातले आम्लधर्मी वायू त्या पाण्यात विरघळतात आणि ते पाणी पत्रा खात राहतं. म्हणून रोज चिपळूण-रत्नागिरी करणाऱ्या गाडीपेक्षा निवृत्त माणसाच्या जपून ठेवलेल्या गाडीचा सायलेन्सर लवकर जातो. जपणुकीचा हा असा हिशेब आहे.

आमच्या मारुती 800 ला तर जपणुकीबरोबर पूरही मिळाला. गाडी 1998 ची, अब्बांनी कुवेत कायमचं सोडून आल्यावर घेतलेली. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ती अंगणात होती. पाणी ओसरलं, इंजिन उघडलं, सीटा उन्हात वाळवल्या, वायरिंग बदललं. त्या दिवसांत अख्ख्या शहरातल्या मिस्त्र्यांना झोप नव्हती. गाडी सुरू झाली याचंच अप्रूप इतकं की सायलेन्सरच्या डब्यात साचलेल्या गाळाकडे कोण बघणार? सायलेन्सर म्हणजे रिकामी नळी नव्हे. आत पडदे असतात, छिद्रांच्या नळ्या असतात, आवाज त्यात फिरून फिरून दमतो. बऱ्याच सायलेन्सरना पाणी निथळायला तळाशी एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते गाळाने बुजलं की डबा म्हणजे ओला माठच.

दोन पावसाळे गेले आणि गाडीचा आवाज बदलला. आवाजाचं एवढं काही नाही, आपल्याकडे आवाज हा गाडीचा दोष मानतच नाहीत. गोष्ट गंभीर झाली ती अम्मीमुळे. तिला दर महिन्याला कराडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. पावसात कुंभार्ली घाट चढायचा म्हणजे काचा बंद. मागच्या सीटवर बसून ती म्हणाली, "डोकं जड होतंय रे, मळमळतंय." घाटात गाडी लागणं नवं नाही. पण पुढचं वाक्य महत्त्वाचं होतं: "खाली उतरलं की पाच मिनिटांत बरं वाटतं. आणि सपाट रस्त्यालापण होतंय." मी पाटणच्या अलीकडे गाडी थांबवली, चारही काचा खाली केल्या आणि उरलेला प्रवास भिजत केला.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीच्या धुरात तो काही टक्क्यांत मोजतात. आणि बंद जागेच्या हवेत हजार भागांत एक भाग असला तरी काही तासांत जीव जाऊ शकतो. अम्मीला जे होत होतं ते वयामुळे, बीपीमुळे, घाटामुळे, कशामुळेही असू शकलं असतं. म्हणूनच हा वायू वाईट. त्याची सगळी लक्षणं दुसऱ्या कुणाची तरी असतात. एक सांगून ठेवतो: धूर येतोय अशी शंका आली तर फक्त मागची डिकी उघडी ठेवून गाडी हाकू नका. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे धूर उलट आत ओढला जातो.

दुसऱ्या दिवशी गाडी चाचांकडे नेली. चाचा साठी ओलांडलेले, सायलेन्सर आणि वेल्डिंग एवढंच काम करतात. खड्ड्यावर गाडी घेतली. त्यांच्याकडे तपासायचं यंत्र नाही, एक जाड फडकं आहे. इंजिन थंड असतानाच सुरू केलं, फडक्याने मागची नळी दाबून धरली. सायलेन्सर धड असेल तर इंजिन गुदमरायला लागतं. आमचं मजेत चालू राहिलं आणि पुढे कुठूनतरी फुस्स फुस्स ऐकू आलं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नळी ठोकत मागून पुढे गेले. धड पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला भद्द. जिथून धूर निसटत होता तिथे काजळीचे काळे फराटे होते, तेही त्यांनी बोटाने दाखवले. डबा वरच्या बाजूने, म्हणजे खड्ड्यातून दिसत नाही तिथे, चाळण झालेला. आणि पुढची नळी मॅनिफोल्डला जिथे जोडतात तिथलं पॅकिंग जळालेलं.

"मास्तर, डबा गेला," चाचा म्हणाले. "नळी अर्धी जिवंत आहे. ती मारायची की जगवायची, तुम्ही बोला."

माझा धाकटा भाऊ दोह्याला असतो. त्याचं मत फोनवर अर्ध्या मिनिटात आलं: भंगारात दे. त्याच्या बाजूने हिशेबही आहे. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. कारसाठी त्याची फी पूर्वी 600 रुपये होती, एप्रिल 2022 मध्ये ती 5000 झाली. वर पर्यावरण कर. आता सायलेन्सर. अब्बांची आठवण म्हणून गाडी ठेवावी असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. आठवणीला पीयूसी लागत नाही, गाडीला लागते. पण इंजिन चांगलं, खालचा सांगाडा धड, आणि नव्या गाडीचा हप्ता मास्तरच्या पगारातून अम्मीच्या औषधांशी भांडणार. दुरुस्ती करायची ठरवली. अट एकच घातली, धूर आत यायला नको.

पीयूसीवरून आठवलं. आमच्याकडे चालू पीयूसी होती, त्याच सायलेन्सरसकट. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाऊन धुरात मिसळली तर मागच्या नळीत यंत्राचा आकडा उलट चांगला दिसू शकतो. कागद धूर मागून किती येतो ते सांगतो, मधून कुठे जातो ते नाही.

काम दोन दिवस चाललं, त्यातला पहिला दिवस नट काढण्यात गेला. मॅनिफोल्डचे स्टड वर्षानुवर्षं तापतात, थंड होतात, गंजतात. नट आणि स्टड एकच लोखंड होऊन जातात. जोर लावला की स्टडची मान मोडते. चाचांनी रात्रीच त्यावर तेल सोडून ठेवलं होतं. सकाळी गॅसच्या ज्योतीने नट लाल केला, स्टडला ज्योत न लावता. नट फुगतो, पकड सुटते. "हजरत दाऊदना लोखंड हातात मऊ व्हायचं, आपल्याला गॅस भरावा लागतो," हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असणार. तीन नट सुटले, एक स्टड मोडलाच. मोडलेल्या बुंध्यावर त्यांनी नवा नट ठेवून आतून वेल्डिंग भरलं आणि थोडं निवल्यावर पान्याने हळू हळू, पुढे-मागे करत आख्खा बुंधा बाहेर काढला. ड्रिल मारलं असतं तर मॅनिफोल्डचे आटे गेले असते. जोडताना पितळी नट घातले. पितळ स्टडच्या लोखंडाला तसं जखडून बसत नाही, पुढच्या वेळी निघतं.

नळी गाडीखाली वेल्ड करायला त्यांनी नकार दिला. पेट्रोलची टाकी मागेच आहे. नळी बाहेर काढली, सडलेला भाग ग्राइंडरने कापत कापत गेले, पांढरा पत्रा दिसेपर्यंत. गंजक्या पत्र्यावर आर्क लावला की टाका बसायच्या आधी भोक पडतं. वरून ठिगळ मारलं तर ठिगळाच्या कडेने तो परत फाटतो. एम-सील लावून भागवणारे लोक आहेत, ते तापलं की गळून पडतं. आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती: नळीचा तुकडा म्हणून काही ठिकाणी नळकामाचा जीआय पाईप वापरतात. त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्ड करताना त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. चाचांनी तरुणपणी तो ताप बऱ्याचदा काढलाय. आता साधी लोखंडी नळीच घेतात. डबा नवा घातला, सायलेन्सर टांगायची रबरंही नवी घातली. जुनी ताणून लांब झाली होती, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला सगळा भार जोडावर पडत होता. रबर सगळ्यांत स्वस्त, आणि तेच कुणी बदलत नाही.

शुक्रवारी दुपारी गॅरेज जुम्यासाठी बंद होतं. ते उघडायची वाट बघत मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. रांगेत सात-आठ दुकानं: डेंटिंग, रेडिएटर, बॅटरी, सीट कव्हर. बहुतेक आपली. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात मुसलमानांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण मोठं असल्याचं आकड्यांत मांडलं, ते आकडे इथे हातात पाना घेऊन बसलेले असतात. शाळा सुटलेला मुलगा उस्तादाकडे लागतो, पाच वर्षं पाने उचलून देतो, मग त्याचं दुकान होतं. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं या रस्त्याने गेली. हुनराचं कौतुक आपण पुष्कळ करतो, ते खरंही आहे. पण नव्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये सेन्सर आहेत, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, आणि बिघाड काय ते स्कॅनर सांगतो, फडकं नाही. आणि इलेक्ट्रिक गाडीला तर सायलेन्सरच नाही.

चाचांना हे मी विचारलं. ते खड्ड्यात उतरता उतरता म्हणाले, "पोराला आयटीआयला घातलाय. इलेक्ट्रिशियन." मग वर बघून, "माझं होऊन जाईल, मास्तर. तुमच्यासारख्या गाड्या आहेत अजून."

गाडी सुरू केली. परत फडकं दाबलं. इंजिन दोन सेकंद कण्हलं आणि बंद पडलं. नव्या जोडांवर साबणाचं पाणी लावून पुन्हा सुरू केलं, कुठेही बुडबुडा नाही. चाचांनी सांगितलं ते आता पाळतोय: आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग पळवायची, गुहागर रस्त्याने का होईना, म्हणजे आतलं पाणी उडून जातं. कराडच्या पुढच्या फेरीला काचा बंद होत्या. अम्मी मागे बसली आणि पाटण येईपर्यंत भावाच्या लग्नाबद्दल बोलत राहिली.