साडेदहा

वास्तविक मी मराठीचा मास्तर. मॅट्रिक झालेला, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. पण गेल्या पौषात विज्ञानाचे मास्तर रजेवर गेले आणि बॉइलचा नियम माझ्या गळ्यात पडला.

हवेवरचा दाब दुप्पट केला की तिचं आकारमान निम्मं होतं. तापमान मात्र बदलता कामा नये. इंजेक्शनच्या पिचकारीत २० घनसेंटिमीटर हवा घेऊन तोंड बंद केलं. मुलं आळीपाळीनं पिचकारी धरीत, दट्ट्यावर वजनं ठेवीत. सगळ्यांच्या वह्यांत १०. एकाच्या वहीत साडेदहा!

“पुस्तकात काय आहे?” मी खेकसलो.

“दहा, सर. पण मला दिसलं साडेदहा.”

मी तो आकडा लाल शाईनं खोडला.

रात्री मात्र चैन पडेना. वाचता वाचता कळलं, की १६६२ साली बॉइलनं आपला तक्ता छापला, त्यात मोजलेले आकडे आणि नियमाप्रमाणे यायला हवेत ते आकडे शेजारीशेजारी दिले. ते तंतोतंत जुळत नव्हते. पण त्यानं लपवले नाहीत.

सकाळी त्या मुलाला पुन्हा प्रयोग करायला लावला. त्यानं पिचकारी मुठीत घट्ट आवळली होती. थंडीच्या दिवसांत मुठीची ऊब आतल्या हवेला लागत होती! पिचकारी स्टँडला अडकवून निवू दिली, तेव्हा दट्ट्या १० च्या रेघेपाशी उतरला.

बाकीच्यांनी पुस्तक पाहिलं होतं. हवा पाहिली होती ती त्यानं एकट्यानं. भर वर्गात मी त्याची माफी मागितली. तो लाजून हसला. माझी लाल रेघ मात्र त्याच्या वहीत अजून तशीच आहे.