विहारातल्या चुलीवरची भांडी



चातुर्मास संपून विहार सुरू झाले की दोन-तीन जणींचे फोन ठरलेलेच. "काकू, आमचा पहिल्यांदाच विहारात चौका आहे. भांडी कोणती नेऊ?" परवा एका सुनेनं विचारलं, तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आमच्या सांगली-कोल्हापूरकडे विहारात चौका कधी शाळेच्या पडवीत लागतो, कधी उसाच्या कडेच्या खोपटात. तिथं आम्ही तीन दगडांची चूल मांडतो. गॅस नेणाऱ्याही आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण चूल मांडायची तर घरची गॅसवरची भांडी उचलून नेऊ नका. गॅसची आच बुडाला सारखी लागते. लाकडाची ज्वाळा वाऱ्याबरोबर एकाच बाजूला झुकते आणि तिथंच चाटत राहते.

म्हणून पातळ बुडाचं स्टील चुलीवर नको. स्टील दिसायला स्वच्छ, पण उष्णता पसरवण्यात फार मंद. तांबं त्याच्या वीस-पंचवीस पट पुढं, पितळही सहा-सात पट. स्टीलच्या पातेल्यात डाळ एका जागी करपते आणि दुसऱ्या कडेला कच्ची राहते. मग आपण वरून लाकूड सारत बसतो. जास्त लाकूड म्हणजे अग्निकायिक जीवांची विराधना जास्त, शिवाय लाकडातले किडे-मुंग्या वेगळेच. लाकूड आपटून, शोधून घेतोच आपण, पण मुळात कमी लागलं तर बरं नाही का?

डाळ-भाताला जाड बुडाचं, कल्हईचं पितळी पातेलं. यासारखं दुसरं नाही. आमच्या आत्यांचं (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणायचो) पातेलं मी अजून वापरते. कल्हई मात्र शुद्ध कथलाची करून घ्या. शिसं मिसळलेलं स्वस्त पडतं, पण ते अन्नात नको. आणि एक पक्कं लक्षात ठेवा. कथील २३२ अंशांना वितळतं, लाकडाची ज्वाळा त्याच्या कितीतरी पुढं जाते. आत पाणी असेल तोवर कल्हईला काही होत नाही. रिकामं पातेलं चुलीवर तापवत ठेवलं की कल्हई गोळा होऊन बुडाशी येते. म्हणून आधी पाणी, मग चूल. फोडणी त्यात करायचीच नाही. ती लोखंडी पळीत करून वरून ओतायची. कल्हई उडालेल्या पितळेत ताक, चिंच, आमसूल घातलं की कळकलंच म्हणून समजा.

काहींना पितळ महाग वाटतं. बी.कॉम.चं मला एवढंच उपयोगी पडतं की भांडवली खर्च वेगळा आणि चालू खर्च वेगळा धरायचा. पातेलं एकदाच घ्यायचं. वर्षातून एक-दोनदा कल्हई, तेवढाच चालू खर्च.

पाण्याला तांब्याची तपेली. गाळलेलं पाणी तिच्यात लवकर उकळतं आणि सकाळी घाईच्या वेळी तेच हवं असतं. दुधाला मात्र तांबं नको, कल्हईचं पितळच. धार काढल्यापासून ४८ मिनिटांत दूध गाळून तापायला हवं, म्हणून गोठा जवळ असेल तर एक चूल दुधाला मोकळी ठेवा.

भाकरीला लोखंडी किंवा बिडाचा तवा. बीड आच छान धरतं, पण तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडकतं. नॉनस्टिक घरीच ठेवा. २६० अंशांच्या वर त्याचा थर बिघडून धूर सोडतो आणि चुलीवर तेवढं तापायला किती वेळ? जर्मनचं पातेलं हलकं, झटकन तापणारं, पण आंबट त्यात चालत नाही आणि जोराच्या आचेवर बूड वाकडं होतं. मी नेत नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या मुठीचं काहीही नेऊ नका, रिबिटानं जोडलेल्या धातूच्या कड्या पाहून घ्या. सांडशी दोन न्या, एक हमखास हरवते.

आता झाकणाचं. हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. केस किंवा मेलेला जीव दिसला की अंतराय. मग त्या दिवशी अन्न नाही, पाणीही नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैलोगणती चालणं. ओंजळीतल्या भातात काळा ठिपका दिसला, तर तो काजळीचा की मुंगीचा, हे शोधायची वेळ आपल्या भांड्यामुळं का यावी? आत बसणारं झाकण उचलताना काठावरची काजळी सरळ पातेल्यात पडते. काठाच्या बाहेरून बसणारं झाकण घ्या. उचलण्याआधी काठ कोरड्या फडक्यानं टिपा, आणि ते फडकं त्याच कामाचं ठेवा.

काजळी कमी धरावी म्हणून भांड्याला बाहेरून लेप देतात. बायका ओली माती लावतात. मी आदल्या दिवशीची चाळलेली राख प्रासुक पाण्यात कालवून लावते, माती सचित्त असते म्हणून. लेप वाळला की मगच चुलीवर. नंतर काजळी लेपाबरोबर सुटते आणि घासायला पाणीही थोडं लागतं.

आहार झाला की निखाऱ्यांवर पाणी ओतून चूल विझवू नका. तपेलीत पाणी भरून वर ठेवून द्या. आपली जेवणं होईपर्यंत भांड्यांना गरम पाणी तयार. फक्त जवळ उसाचं पाचट असेल, तर निखारे पूर्ण निवेपर्यंत एकीनं तिथंच बसायचं.