आपलेच दात, आपलेच ओठ

आमच्या विठ्ठलवाडीतला मुलगा दातांचा डॉक्टर होऊन इथल्याच एका दवाखान्यात बसू लागला, तेव्हा सगळे खूश झाले. पण त्याच्यापुढे तोंड उघडायला कुणी तयार होईना. एरवी इथे तोंड बंद ठेवायला कुणी तयार नसतो! कारण साधं. ज्याचे दुधाचे दात पडताना आपण पाहिले, त्याच्या हाती आपली दाढ कशी द्यायची? शिवाय कल्याण एका स्टेशनावर. गाडीला लोंबकळत जाऊन परक्या डॉक्टरकडून दाढ उपटून आणली, की कसं उपचार झाल्यासारखं वाटतं.

हा मात्र म्हणतो, "काका, दुखायच्या आधी या." दाताच्या वरच्या कवचाला म्हणे नसच नसते. कीड ते गुपचूप पोखरते. आत शिरली की मग बोंब! बँकेत हे रोज दिसतं. हप्ता थकतो तेव्हा आवाज होत नाही, जप्तीचा होतो. दुधाच्या २० दातांची मुदत संपली की ३२ पक्के मिळतात. पुढे नूतनीकरण नाही. ठेव टिकवायची तर दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं ब्रश, गोडाला आवर आणि अधूनमधून तपासणी.

परवा शेजारचे अण्णा गेले. "दुखत काही नाही, सहज आलो," म्हणाले. डॉक्टरच घाबरला! एक बारीक खड्डा निघाला, तो तिथल्या तिथे भरला. अण्णा हसत बाहेर आले. दाखवायचे आणि खायचे दात एकच असलेला माणूस म्हणून सध्या विठ्ठलवाडीत त्यांना मोठा मान आहे.