बँक बंद, मीटर चालू

तेवीस शाखांची वीजबिलं दर महिन्याला माझ्या सहीने पास व्हायची. एका नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात मी प्रशासन अधिकारी होते. बिलात मी दोनच गोष्टी बघायची, रक्कम आणि शेवटची तारीख. लवकर भरलं की थोडी सवलत मिळते, ती चुकायला नको, एवढाच माझा विजेशी संबंध. युनिटं किती आली हे पाहायचं असतं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही कधी वाटलं नव्हतं.

२०१६च्या एप्रिलमध्ये संचालक मंडळाच्या सभेत वीजखर्चाचा विषय निघाला. मी तयारीत होते. “मागच्या वर्षापेक्षा नऊ टक्के जास्त आहे, दरवाढ धरली तर तेवढं होतंच,” असं सांगून टाकलं. एक वयस्कर संचालक, स्वतः किराणा दुकानदार, चष्मा वर करून म्हणाले, “ते वाचलं मी. पण मागच्या वर्षी तरी बरोबर होतं का?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी जाताना लोकलमध्येही तो प्रश्न डोक्यात होता. मागच्या वर्षीची चूक यंदा तेवढीच केली, तर माझ्या तक्त्यात ‘बदल नाही’ असं दिसणार आणि सगळे खूश होणार!

तरी पहिलं काम मी सवयीनेच केलं. परिपत्रक काढलं. ‘सर्व सेवकांनी जागा सोडताना दिवे व पंखे बंद करावेत.’ अशी परिपत्रकं माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांनीही काढली होती, ती फायलीत सापडली. मजकूर शब्दशः तोच.

माझा भाचा ऊर्जा लेखापरीक्षक आहे. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे फ्रीजवर तारे लावणारी ती सरकारी संस्था, तिची परीक्षा देऊन झालेला. रविवारी जेवायला आला होता, त्याच्यापुढे रडगाणं गायले. त्याने आमटी वाढून घेत विचारलं, “आत्या, तुमची शाखा वर्षाला एका चौरस मीटरमागे किती युनिटं खाते?”

“मला काय ठाऊक! रुपये विचार, पाठ आहेत.”

“रुपयांवरून काही कळत नाही. दर बदलतो, आकार बदलतात, बिल दोन महिन्यांनी दुरुस्त होऊन येतं. बारा महिन्यांची युनिटं मिळव आणि जागेच्या क्षेत्रफळाने भाग.” मग त्याने सांगितलं की फ्रीजसारखे तारे ब्युरो २००९पासून कार्यालयाच्या इमारतींनाही देते. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत, निम्म्याहून जास्त जागा वातानुकूलित असेल, तर वर्षाला चौरस मीटरमागे २००च्या खाली आलात की एक तारा, १००च्या खाली गेलात की पाच. ती योजना १०० किलोवॉट आणि त्यावर जोडभार असलेल्या इमारतींसाठी. आमच्या शाखा त्यापुढे चिंचोक्याएवढ्या. पण मोजपट्टी उसनी घ्यायला कोण अडवतंय?

मे महिना बिलं गोळा करण्यात गेला. काही बिलं सरासरीवर आलेली, म्हणून एका महिन्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. बारा महिने मिळवल्यावर ती आपोआप जिरली. क्षेत्रफळ भाडेकरारातून घेतलं. डोंबिवलीची शाखा वर्षाला ३३,४०० युनिटं, जागा १,८५० स्क्वेअर फूट म्हणजे १७२ चौरस मीटर. भागाकार १९४. म्हटलं, चला, काठावर का होईना, एक तारा.

हा तारा टिकला आठ दिवस. भाच्याने फोनवर विचारलं, “करारातली जागा कार्पेट की सुपर बिल्टअप?” जिना, लॉबी, गच्चीचा वाटा हे सगळं त्यात धरलं असेल तर तिथे आपला एसी थोडाच चालतो! मी डोंबिवलीला गेले. शाखेतल्या शिपाईमामांनी टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. कॅशियरच्या पिंजऱ्यामागून, लॉकर रूमच्या दारातून, टेप सारखी सुटायची आणि मामा “मॅडम, हात सांभाळा” म्हणायचे. जागा भरली १,३०० स्क्वेअर फूट, १२१ चौरस मीटर. भागाकार २७६. (साडेपाचशे स्क्वेअर फूट हवेचं भाडं आम्ही वर्षानुवर्षं देत होतो हा शोध वेगळाच, पण तो विषय इस्टेट समितीचा, मी त्यात पडले नाही.)

महिनाभरात तेवीस शाखा टेपने मोजल्या. कल्याणची शाखा जवळपास तेवढीच, माणसं तेवढीच, वेळ तीच, एटीएम दोन्हीकडे, आणि आकडा १४६. मग मी एक मोठी चूक केली. जुलैच्या शाखाधिकाऱ्यांच्या बैठकीत सगळ्या शाखांचे आकडे उतरत्या क्रमाने भिंतीवर दाखवले. दहावीचा निकाल लागावा तशी खोलीत शांतता पसरली. वरच्या पाच शाखांचे साहेब माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की जणू मी त्यांच्या घरचं लाइट बिल वाचून दाखवलं. डोंबिवलीचे साहेब म्हणाले, “मॅडम, आम्ही काय रात्री इथे लग्नं लावतो का?” उल्हासनगरचे म्हणाले, “आमची दर्शनी काच पश्चिमेला आहे. दुपारी तीननंतर काउंटरवर बसून दाखवा, मग आकडा लावा.” एका शाखेला एटीएमच नव्हतं, ती आपोआप खाली गेली होती, तेही कुणीतरी काढलं.

बोलणं टोचलं, पण खोटं एकही नव्हतं. भाच्याने सांगितलं की रात्रभर चालणाऱ्या बीपीओंना ब्युरोसुद्धा साध्या कार्यालयाच्या पट्टीने मोजत नाही, त्यांचा हिशेब तासागणिक करते. मग मी एटीएमवाल्या शाखांची यादी वेगळी केली आणि उल्हासनगरच्या शेऱ्यात ‘पश्चिमेची काच’ असं लिहिलं. तिथे नंतर काचेला फिल्म आणि जाड पडदे लावले. आकडा थोडा उतरला, साहेबांचा पारा बराच उतरला.

डोंबिवलीचं कोडं मात्र तसंच. रात्री लग्नं लागत नसतील, तर मग काय चालतं? भाच्याने युक्ती दिली, ती फुकट होती. १ सप्टेंबर २०१५पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी सुरू झालेली. म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ शाखेत माणूस नाही. शुक्रवारी सात वाजता मीटरचं रीडिंग घ्यायचं, सोमवारी नऊ वाजता पुन्हा. बासष्ट तास. त्या वेळात जे फिरेल ते माणसांनी वापरलेलं नाही, यंत्रांनी खाल्लेलं.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी आम्ही हे केलं. मामांनी मोबाइलवर मीटरचे फोटो पाठवले. पहिल्यात मीटरपेक्षा त्यांचा अंगठाच जास्त दिसत होता. डोंबिवली २५१ युनिटं. कल्याण ११८. डोंबिवलीच्या बंद शाखेत तासाला चार युनिटं जात होती.

मी सोमवारी दुपारीच तिथे पोचले. एटीएमच्या खोलीत जाऊन बाहेर आले आणि चष्म्यावर धुकं आलं. आत हिमालय. दोन दीड टनी एसी, दोन्ही चालू, दोन्हींवर १८. एटीएमला दोन एसी देतात ते आळीपाळीने चालावेत म्हणून. मध्ये टायमर असतो, काही तासांनी एक बंद करून दुसरा लावतो. मामांनी छतालगतची पेटी उघडून दाखवली. टायमर काळाठिक्कर जळलेला आणि बाजूने दोन वायरी थेट जोडून त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. “हे कधीपासून, मामा?” “मॅडम, मागच्या नवरात्रात जळला. वायरमन म्हणाला, तात्पुरतं डायरेक्ट करून देतो.”

तात्पुरतं अकरा महिने टिकलं होतं. शिवाय दाराचा क्लोजर मोडलेला, त्यामुळे काचेचं दार बोटभर उघडं आणि डोंबिवलीची दमट हवा आत. दोन्ही कॉम्प्रेसरना बिचाऱ्यांना थांबायला वावच नव्हता. तापमान एक अंशाने वर ठेवलं तर एसीची वीज साधारण सहा टक्के वाचते, असं ब्युरोचं सांगणं आहे. इथे १८चे २४ करायला रिमोट शोधावा लागला, तो पैसे भरायच्या स्लिपांच्या खोक्यात सापडला.

नवा टायमर, नवा क्लोजर, रिमोट टांगायला खिळा. खर्च इतका किरकोळ, की मंजुरीला वर पाठवावा लागला नाही. पुढच्या सुट्टीत तेच बासष्ट तास १३२ युनिटांवर आले.

एक गोष्ट मला राहून राहून खटकते. टायमर जळलाय हे किमान दोन माणसांना माहीत होतं. मामांना ठाऊक होतं, वायरमनला ठाऊक होतं. साहेबांनाही ‘एटीएमला छान गार असतं’ एवढं ठाऊक होतंच. पण विचारायला कुणी गेलं नाही, कारण विचारायचं काय, हेच मुख्य कार्यालयात कुणाला सुचलं नव्हतं. दोष द्यायचाच तर माझ्या परिपत्रकाला द्यावा. ते दिवे-पंखे विझवायला सांगत होतं आणि गळती होत होती भलतीकडे, दारामागे.

बाकी शाखांत लहानसहान सापडलं. नावाचा पेटता बोर्ड दिवसाही चालू, त्याला स्विच होता पण तो कपाटामागे. तांब्याच्या चोकच्या जुन्या जाड ट्यूबा, नुसत्या चाळीस वॅटच्या नव्हेत, चोकसकट पंचावन्नच्या. त्यांच्या जागी वीस वॅटची एलईडी. मग ८ नोव्हेंबर उजाडला. नोटाबंदीच्या रांगा, रात्री दहापर्यंत मोजदाद, रविवारीही शटर उघडं. कसली युनिटं आणि कसलं क्षेत्रफळ! ते दोन महिने वहीत लाल रेघेने वेगळे काढले आणि तुलनेतून वगळले.

आता यादीच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट. बदलापूरचा आकडा सगळ्यांत कमी, ५८. वर्षभर मी प्रत्येक बैठकीत बदलापूरचं नाव घेत होते. मंडळाने प्रशस्तिपत्रक द्यायचं ठरवलं. ते छापून घेतलं आणि २०१७च्या मेमध्ये, आधी जरा बघून यावं म्हणून, दुपारी दोनला न सांगता गेले.

काउंटरमागच्या मुलीने गळ्याभोवती ओला रुमाल गुंडाळला होता. खातेदार पासबुकाने वारा घेत होते. शाखेतल्या तीनपैकी दोन एसी बंद. तिसरा सर्व्हरच्या खोलीत. मी साहेबांना विचारलं, “किती दिवस झाले?” ते उठले, फाइल काढली, तीन पत्रांच्या कार्यालयीन प्रती माझ्यापुढे ठेवल्या. पहिलं पत्र आठ महिन्यांपूर्वीचं. तिन्हींवर आमच्या आवक विभागाचा शिक्का आणि खाली वळणदार अक्षरात ‘पाहिले’. अक्षर माझंच होतं.

प्रशस्तिपत्रक पिशवीतून बाहेर काढलंच नाही. दोन्ही एसी आठवड्यात बदलले. पुढच्या वर्षी बदलापूरचा आकडा ५८वरून १०४ झाला आणि मंडळाने विचारलं, “ही शाखा बिघडली का?” मी सांगितलं, सुधारली. किराणावाले संचालक हसले, बाकीच्यांना समजवायला वेळ लागला.

२०१७-१८मध्ये तेवीस शाखांची मिळून युनिटं १४ टक्क्यांनी उतरली. बिल मात्र आठच टक्के, कारण मधे दर वाढले होते. रुपयांवरून काही कळत नाही म्हणतात ते असं. डोंबिवली वर्षाला १९,६०० युनिटांवर आली. निवृत्तीच्या दिवशी टेबल रिकामं करताना ड्रॉवरच्या तळाशी ते प्रशस्तिपत्रक सापडलं, ‘सर्वात कमी वीजवापराबद्दल’ असं सोनेरी अक्षरांत. मी ते फाडलं, आणि शाखांच्या मापांची वही नव्या अधिकाऱ्यांच्या हातात दिली.