जालना : पाळणा सोन्याचा, दोरी पाण्याची



दिवाळीनंतर एका गावात शेतकऱ्यांची बैठक होती. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची माहिती सांगून झाली, पऱ्हाटी वेळेवर उपटून टाका म्हणून बजावून झाले आणि मी डायरी मिटत होतो. तेवढ्यात पारावर मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "साहेब, अळीचं समजलं. आता एक सांगा. आपल्या तालुक्याला एमआयडीसी येणार म्हणतात. हे कारखानेवाले कशाला भुलून येतात? अन् आले तर आमच्या पोरांचं भलं होतं, का नुसती जमीनच जाते?"

प्रश्न साधा, पण माझ्या पदवीत त्याचे उत्तर नव्हते. खतांची मात्रा विचारली असती तर तोंडपाठ सांगितली असती. बाबांना म्हणालो, "पुढच्या बैठकीला सांगतो." मग रजा काढली, एसटी धरली आणि जालन्याला दोन दिवस राहून आलो. तिथे जे पाहिले-ऐकले ते तुमच्यापुढे ठेवतो. कोणी सांगावे, उद्या तुमच्या पारावरही हाच प्रश्न निघेल.

जालनाच का?

कारण जालना पुण्या-मुंबईएवढे मोठे नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती होती सुमारे २ लाख ८५ हजार. छत्रपती संभाजीनगरपासून साठेक किलोमीटर पूर्वेला, कुंडलिका नदीच्या काठी हे गाव वसले आहे. १ मे १९८१ ला ते जिल्ह्याचे ठिकाण झाले, २०२३ साली तिथे महानगरपालिका आली. म्हणजे तुमच्या-आमच्या तालुक्याने मनात आणले तर ज्याच्याकडे पाहून शिकावे, अशा मापाचे हे शहर.

'जालना सोने का पालना' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. निजामाच्या राजवटीत ही व्यापाराची मोठी पेठ होती. काचीगुडा-मनमाड रेल्वे इथून गेली तशी कापसाची उलाढाल वाढली. पण कापसाच्या जिवावर उभे असलेले गाव कापसाबरोबर वर जाते आणि कापसाबरोबर खाली येते. पुढे मराठवाडा म्हणजे मागास आणि जालना म्हणजे दुष्काळी, असेच लोक म्हणू लागले. त्या जालन्यात आज देशभर जाणारे बियाणे तयार होते आणि घरांच्या स्लॅबला लागणारी लोखंडी सळई ट्रक भरभरून बाहेर पडते. हे कसे घडले?

बियाण्याचे गाव

आधी बियाण्याचे पाहू, कारण ते आपल्या ओळखीचे. बद्रीनारायण बारवाले हे जालन्याचे शेती करणारे गृहस्थ. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ते तरुणपणी उतरले होते. १९५९-६० साली दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरले, तिथून त्यांनी 'पुसा सावनी' या भेंडीचे बी आणले आणि आपल्या शेतात वाढवले. त्यातून बियाण्याचा धंदा सुरू झाला आणि १९६४ साली महिको ही कंपनी निघाली. त्याच सुमारास ज्वारी-बाजरीचे संकरित वाण आले होते. संकरित बी दरवर्षी नवे लागते आणि ते कोणीतरी शेतातच तयार करावे लागते. १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या पाठोपाठ जालन्यात आणखी बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बियाण्याची कंपनी शहरात असते, पण तिचा खरा कारखाना असतो खेड्यात. तो पाहायला मी दुसऱ्या दिवशी देऊळगाव राजाकडे गेलो. जिल्हा बुलढाणा, पण वाहतूक सगळी जालन्याशी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी-हिरवी शेडनेट दिसत होती. एका शेडनेटमध्ये सासू-सून टोमॅटोच्या ओळीत उभ्या होत्या. सून चिमट्याने उमलण्याआधीची कळी उघडून आतला पिवळा पुंकेसर काढत होती, सासू आदल्या दिवशीच्या फुलांना नराचे पराग लावत होती. हात असे चालत होते, की स्वेटर विणणारीने पाहत राहावे.

मी म्हणालो, "काकू, डोळे दुखत नाहीत का?"

"दुखतात की," त्या म्हणाल्या. "पण साहेब, खायचा टोमॅटो लावला तर भाव बाजाराच्या मनावर. बियाण्याचा भाव आधी ठरतो. दोन एकर कोरडवाहूवर जे झालं नसतं ते या दहा गुंठ्यांनी केलं. मात्र शुद्धतेच्या तपासणीत बी नापास झालं, की सगळं मुसळ केरात."

हे ऐकून मी गप्प झालो, कारण त्या मुसळाचा मार मी खाल्लेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच सांगण्यावरून आमच्या भागातल्या अकरा शेतकऱ्यांनी एका कंपनीचे कपाशीचे बीजोत्पादन घेतले होते. बी तपासणीत नापास झाले म्हणून पैसे अडकले. नमुना कोणासमोर घेतला, निकाल कुठे नोंदला, करारात काय लिहिले होते, यातले काहीच आमच्या हाती नव्हते. करार इंग्रजीत होता आणि त्याची प्रत एकाही घरी नव्हती. मी स्वतःही तो वाचला नव्हता. "साहेब सांगतात" एवढ्यावर त्या माणसांनी अंगठे उठवले होते. चूक कंपनीची किती आणि माझी किती याचा हिशेब मी अजून करतो. त्या भागात पुढे बीजोत्पादनाचे नाव काढायला कोणी धजावले नाही. देऊळगावच्या काकूंनी मात्र पेटीतून कराराची मराठी प्रत काढून दाखवली. या पट्ट्यात हा धंदा टिकला तो याचमुळे. हातात कसब आहे आणि कागद पेटीत आहे.

लोखंड नसलेल्या गावात लोखंड

आता दुसरा धंदा. जालन्याच्या आसपास लोखंडाची खाण नाही, कोळसाही नाही. तरी औद्योगिक वसाहतीत रात्रंदिवस भट्ट्या पेटलेल्या. भंगार लोखंड विजेच्या भट्टीत वितळवतात, त्याच्या जाड कांड्या ओततात आणि त्या तापवून रुळांतून काढत सळई बनवतात. एका कारखान्याच्या दारातून मी हे पाहिले. वीस पावलांवर उभा होतो, तरी तोंडाला झळ लागत होती. काम कष्टाचे आणि जोखमीचे. कामगारांत उत्तर भारतातली मुले पुष्कळ दिसली.

हे कारखाने इथे का आले? याचे उत्तर सरकारी धोरणात आहे. महाराष्ट्रात १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, निघाली. १९६४ पासून मागास भागात कारखाना काढणाऱ्याला सवलती देण्याची योजना सुरू झाली. जितका भाग मागास तितकी सवलत जास्त. भट्टीचा मोठा खर्च विजेचा. २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात खास सवलत मिळाली. शिवाय मराठवाडा, विदर्भ आणि खानदेश या तिन्ही बाजारांना जालना सोयीचे.

पण सवलतीचे एक दुखणे आहे. सवलत पाहून आलेला पाहुणा सवलतीवरच डोळा ठेवून राहतो. विजेचा दर चढला, की भट्टीवाले शेजारच्या राज्याचा दर बोलू लागतात. तिकडचे सरकार उद्या चार आणे जास्त देऊ शकते. शेडनेटमधल्या सासू-सुनांचे हात मात्र कोणत्याही सरकारला सवलतीत देता येत नाहीत. ते तयार व्हायला दोन पिढ्या लागतात. बाबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे मिळाले. कारखाना कशाला भुलून आला हे पाहावे, म्हणजे तो किती दिवस टिकेल हे समजते.

दळणवळणाचे थोडक्यात सांगतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर-शिर्डी भाग सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला तो सगळा, ७०१ किलोमीटर, खुला झाला. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची मराठवाड्यातली शाखा २०१८ साली जालन्यात सुरू झाली. त्याच वर्षी तिथल्या बाजार समितीत रेशीम कोषांचा बाजार भरू लागला. पूर्वी आपले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जात, भाडे आणि मुक्काम अंगावर घेत. मोठ्या कारखान्याच्या बातम्या छापून येतात, पण तुतीवाल्या शेतकऱ्याला या बाजाराने जे दिले तीही गुंतवणूकच.

पाण्याची दोरी

मात्र एका गोष्टीवाचून हे सगळे लटके पडते, ती म्हणजे पाणी. २०१२ सालचा दुष्काळ जालनेकर विसरलेले नाहीत. शहराला पाणी देणारा निजामाच्या काळातला घाणेवाडी तलाव आटला. माणसे टँकरची वाट पाहत रात्री जागली. मोसंबीच्या बागा लोकांनी डोळ्यांत पाणी आणून तोडल्या. कारखानदारालाही समजले, की भूखंड आहे, वीज आहे, पण कामगाराच्या घरी प्यायला पाणी नाही तर काही खरे नाही.

तेव्हा नागरिक, व्यापारी आणि उद्योजक एकत्र आले आणि त्यांनी वर्गणी काढून घाणेवाडीचा गाळ उपसायचे काम चालवले. तो गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या रानात नेऊन टाकला. तलावात पाणी मावू लागले आणि हलक्या जमिनीला माती मिळाली. शहराचे आणि खेड्याचे हित एकाच ट्रॉलीतून गेले. जायकवाडीहूनही नळाने पाणी आणले आहे, पण गोदावरीचे पाणी मागणारे पुष्कळ, याचा विसर पडू नये.

जालन्याजवळचे कडवंची हे गाव मला मुद्दाम पाहायचे होते. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने तिथे पाणलोटाचे काम झाले. बांधबंदिस्ती, मग शेततळी, मग द्राक्षबागा, असा क्रम. आधी पाणी अडवले, पैसा मागून आला. ज्या तालुक्याला कारखाने हवे आहेत त्याने हाच क्रम ध्यानात ठेवावा.

मग जमिनीचे काय?

बाबांच्या प्रश्नाचा दुसरा भाग. बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीचे नवे वाण पाहून परतताना चहाच्या टपरीवर काही शेतकरी भेटले. वसाहतीत जमीन गेलेले एक जण म्हणाले, "पैसा आला तसा गाडीत अन् लग्नात गेला. शेजाऱ्यानं त्याच पैशात दूर जमीन घेतली, पोराला आयटीआयला घातलं. तो आज भट्टीचं इलेक्ट्रिकल काम पाहतो. मी त्याच कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे."

म्हणून तुम्हाला कळकळीने चार गोष्टी सांगतो.

पहिली, एमआयडीसी येणार अशी नुसती कुणकुण लागली, की दलाल फिरू लागतात. सरकारी अधिसूचना पाहिल्याशिवाय इसारपावती करू नका.

दुसरी, सातबारा आजच पाहा. विहीर, फळझाडे, पाइपलाइन यांची नोंद नसेल तर ती करून घ्या. जे कागदावर नाही त्याची भरपाई मिळवताना नाकी नऊ येतात. बहिणींची, विधवा भावजयीची वारस नोंदही राहिली असेल तर लावा.

तिसरी, १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्यातल्या कलम ३२(२) ची नोटीस आली, तर ती ट्रंकेत ठेवून देऊ नका. मुदतीत लेखी म्हणणे द्या. दर बोलणीने ठरवण्याची वाट त्या कायद्यात आहे, तेव्हा गावाने एकत्र बसून बोलावे.

चौथी, मुलामुलींना हातात कसब द्या. जमीन देऊन मिळालेली नोकरी कसब नसेल तर झाडू आणि गेट यांपलीकडे जात नाही.

पुढच्या बैठकीला हे सगळे मी बाबांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, "म्हणजे कारखाना येवो न येवो, तळ्याचा गाळ काढायचा, पोरीला शिकवायचं अन् कागद नीट ठेवायचे. हे तर आपल्याच हातात आहे."

मी म्हणालो, "हो बाबा."

"मग एक करा साहेब," ते म्हणाले. "माझी विहीर बापाच्या काळातली, पण सातबाऱ्यावर नाही. उद्या माझ्यासंगं तलाठ्याकडे चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गेलो. तलाठी भाऊसाहेब दौऱ्यावर होते. अर्ज देऊन पोच घेतली. बाबांनी ती चारदा घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवली.