‘द्यावे ही विनंती’ आणि स्पॅनिशचा बूट



गेल्या आठ महिन्यांपासून मी स्पॅनिश शिकतोय. रात्री नऊ ते दहा, मोबाईलवर, चांदूर रेल्वेच्या आमच्या वस्तीत विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत बसून. बडनेऱ्याकडून मालगाडी आली की मॅडमचा आवाज ऐकू येत नाही, मग मी अंदाजाने मान हलवतो. अभ्यासिकेतली पोरं एमपीएससीची तयारी करतात. त्यातल्या एकानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "काहून दादा, हे कोणत्या पेपरात येते?" कोणत्याच नाही, म्हटलं. "मंग कायले डोकं खपवता?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर समजा.

सहाव्या महिन्यात एक धडा आला आणि मी अडकलो. मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ असतात, हे एमपीएससीवाल्यांना झोपेतही पाठ असतं : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. (स्वार्थ हा शब्द फक्त इथेच शिवी नाही. जे आहे ते सरळ सांगणं म्हणजे स्वार्थ.) आपल्या विध्यर्थाला बराच जवळचा प्रकार स्पॅनिशमध्ये आहे. इच्छा, मागणी, शंका, आशा असं काही आधी आलं की पुढचं क्रियापद त्या रूपात जातं. पण काही क्रियापदांचा धातूच मधून बदलतो. ‘पोदेर’ म्हणजे शकणे. त्याची रूपं प्वेदा, प्वेदास, प्वेदा, मग पोदामोस, पोदाइस आणि शेवटी प्वेदान. मॅडमनी डावीकडे मी-तू-तो आणि उजवीकडे आम्ही-तुम्ही-ते असे सहा चौकोन काढले आणि धातू बदलतो त्या चौघांभोवती रेघ ओढली. बुटाचा आकार तयार झाला. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ बुटाबाहेर.

मॅडमला त्यात गंमत वाटत होती. मला माझा आजा आठवला. गावात एका वाड्यासमोरून जाताना तो चप्पल हातात घ्यायचा. ‘आम्ही’ बुटाबाहेर, हे आम्हाला नवीन नव्हतं.

पण कारण वेगळंच निघालं. जिथे आवाजाचा जोर धातूवर पडतो तिथे धातूतला स्वर फुटतो, ‘ओ’चा ‘वे’ होतो, ‘ए’चा ‘ये’ होतो. ‘आम्ही’च्या रूपात जोर शेपटाकडे सरकतो, म्हणून धातू शाबूत राहतो. म्हणजे नियम जोराचा आहे. आणि ‘दोर्मीर’ (झोपणे), ‘सेन्तीर’ (वाटणे) अशा काही क्रियापदांत या अर्थी ‘आम्ही’ही सुटत नाही. द्वेर्मा, पण आम्ही झोपावं म्हणायचं तर दुर्मामोस. मी तीन वेळा दोर्मामोस म्हणालो आणि तीन वेळा चुकलो.

मग लक्षात आलं, आपली मायमराठी हेच करते. बस-बसावे, कर-करावे, इथे धातू जागचा हलत नाही. पण दे-द्यावे, घे-घ्यावे, ने-न्यावे, पी-प्यावे, हो-व्हावे. आपल्याला कुणी पाठ करून घेतलं नाही, म्हणून दिसत नाही. परकी भाषा शिकण्याचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच की आपल्या तोंडातलं आपल्याला दिसायला लागतं.

आणि मला दिसलं ते आमचं निवेदन.

विहारासमोरच्या खांबावरचा दिवा दिवाळीपासून बंद आहे. संबंधित कार्यालयात आम्ही तीन निवेदनं दिली. तिन्हींचा शेवट एकच : ‘तरी दिवा लावण्यात यावा, ही नम्र विनंती.’ आवकचा शिक्का बसला, पोच मिळाली, संपलं. आता हे वाक्य स्पॅनिशमध्ये करून पाहा. पीदो के एन्स्येन्दान ला लुस : मी विनंती करतो की त्यांनी दिवा लावावा. ‘एन्सेन्देर’चं हे रूप, तोच बूट. यात ‘त्यांनी’ क्रियापदातच बसलेला आहे. आमच्या ‘लावण्यात यावा’मध्ये कुणीच नाही! कोणी लावावा? वाऱ्यानं? कर्ता पळवून लावणारी ही भाषा आपण त्यांच्याकडूनच उचलली आणि त्यांच्याच टेबलावर नेऊन ठेवतो.

दुसरी गोष्ट. ‘पीदो’ काढून ‘एक्सीहो’ घाला, म्हणजे ‘मी ठणकावून मागतो’. पुढचं सगळं तसंच राहतं : एक्सीहो के एन्स्येन्दान ला लुस. विनंती आणि मागणी दोन्हींचं शेपूट सारखं, फरक फक्त पहिल्या क्रियापदात, म्हणजे बोलणारा कुठे उभा आहे त्यात. मराठीतही ‘द्यावे’ हे रूप विनंती करणाऱ्याचंही आहे आणि हुकूम सोडणाऱ्याचंही. संस्कृतात त्याला विधिलिङ् म्हणतात. कोणी काय करावे आणि काय करू नये, हे मनुस्मृती बहुतांशी याच रूपात सांगते. हजारो वर्षं वरून येणारं ‘करावे’ हा हुकूम होता आणि खालून जाणारं ‘द्यावे’ ही भीक.

महाडकडे या नजरेनं पाहा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना वापरू द्यावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर ‘द्यावे’ होतं, तळ्यावर काही बदललं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंच्या सोबतीनं तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. प्यावे नाही, प्याले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १७ मध्ये अस्पृश्यतेबद्दलचं क्रियापदही ‘नष्ट व्हावी’ असं नाही. ती नष्ट करण्यात आली आहे, असा सरळ स्वार्थ आहे.

म्हणून विध्यर्थ टाकून द्या, असं मी म्हणत नाही. आशा त्याशिवाय बोलता येत नाही. स्पेनमध्ये २०१४ साली एक पक्ष निघाला, नाव ‘पोदेमोस’, म्हणजे आम्ही करू शकतो. २०११ साली चौकाचौकांत ठाण मांडून बसलेल्या लोकांचा राग त्यामागे होता. एक स्वर बदला, ‘पोदामोस’ करा, की अर्थ होतो आम्हाला करता यावं. धातू दोन्हीकडे तोच. त्या लोकांनी पक्षाला नाव देताना कोणता स्वर घेतला, ते पाहा.

चौथं निवेदन मी त्याच पोराकडून लिहून घेतलं. ‘विहारासमोरचा दिवा बंद आहे. तो लावणे हे आपल्या कार्यालयाचे काम आहे. आपण तो सात दिवसांत लावावा, अशी आमची मागणी आहे.’ त्यानं वाचून विचारलं, "दादा, नम्र विनंती कुठी टाकू?" म्हटलं, टाकू नको. त्यानं दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि सह्या घ्यायला निघाला.

सोमवारी ते दिलं. पोच मिळाली. आज क्लासला ‘सेन्तीर’ची रूपं पाठ करून न्यायची आहेत : स्येन्ता, स्येन्तास, सिन्तामोस. दिवा अजून लागलेला नाही, सात दिवस रविवारी नाही तर सोमवारी भरतात, यावरून पोरांत वाद चालू आहे.