सहार ते गिरगाव

परदेशाहून येणारी विमानं मुंबईत पूर्वीही बहुतेक मध्यरात्रीनंतरच उतरायची. १९८१ साली सहारचं टर्मिनल सुरू झालं. त्याआधी सगळं सांताक्रूझलाच. एखाद्याला आणायला विमानतळावर जाणं म्हणजे तेव्हा घरातलं कार्यच असे. येणारा एक आणि न्यायला चार-पाच जण. खेड, दापोली, रत्नागिरीकडची मंडळी आखातातून येणाऱ्या मुलासाठी जीप भरून आदल्या दिवशीच निघायची, भाकरी-चटणीचे डबे बांधून. बाहेरच्या लोखंडी कठड्याला टेकून सगळे उभे. आतून सामानाची ट्रॉली बाहेर आली, की चेहरा नीट दिसायच्या आधी कुणाची तरी हाक जायची. बॅगा काथ्याच्या दोरीनं आवळलेल्या आणि त्यांच्यावर जाड अक्षरात नाव, गाव, तालुका, जिल्हा.

माझी आत्या गिरगावात फणसवाडीत राहायची आणि आत्येभाऊ मस्कतला नोकरीला होता. त्याला आणायला जाणाऱ्यांत मी हटकून असायचो. परतीची गाडी अर्थात काळी-पिवळी पद्मिनी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, मीटर बाहेर डाव्या अंगाला, आणि त्यावरच्या आकड्याचं खरं भाडं टॅरिफ कार्डात बघून ठरायचं. पुढे डिकीत सीएनजीची टाकी आली आणि बॅगांची जागा टपावरच्या कॅरिअरवर गेली. ड्रायव्हर उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा नाहीतर प्रतापगढचा. ‘कितने साल बाद आये?’ हा त्याचा पहिला प्रश्न. तोही गाव सोडून आलेलाच असल्यामुळे त्या विचारण्यात चौकशीपेक्षा जवळीक जास्त असायची, असं मला आजही वाटतं.

खिडक्यांच्या काचा खाली असायच्या, त्यामुळे मुंबई टप्प्याटप्प्यानं आत येई. सहार रोडवरून हायवे, मग पार्ले. तिथल्या बिस्किटांच्या कारखान्याचा भाजका, गोड वास वारा असेल तर बराच दूरपर्यंत पोचायचा. तो कारखाना २०१६ साली बंद झाला. पुढे वाकोला, खेरवाडी, कलानगर, आणि मग खाडीचा वास. तो चांगला नव्हताच, पण आत्येभाऊ तिथे आल्यावर ताठ बसायचा, कारण माहीमचा कॉजवे ओलांडला की खरी मुंबई सुरू. हा कॉजवे १८४५ साली वाहतुकीला खुला झाला. त्यासाठी पैसा दिला लेडी जमशेटजींनी, आणि माहीमचा तो रस्ता आजही त्यांच्याच नावाचा आहे. शीतलादेवीचं देऊळ, शिवाजी पार्कचा काळोख, शिवसेना भवन, सिद्धिविनायक, वरळी, हाजी अलीचे समुद्रातले दिवे. पेडर रोडला चढ लागला की सोबत आलेले काका न चुकता ‘प्रभुकुंज’ दाखवायचे. लताबाई या वेळी झोपलेल्या असणार, म्हणून आम्ही आवाज खाली आणायचो! चौपाटीला वळण घेऊन गाडी गिरगावात शिरायची, तेव्हा कुठे दूधवाल्यांच्या सायकली दिसू लागलेल्या असत. टपावरची दोरी सोडताना चाळीतले दोन-तीन दरवाजे उघडायचेच.

पुढे या वाटेला सुधारणा होत गेल्या, आणि मला त्यातली एक गोष्ट फार जाणवते. प्रत्येक सुधारणेनं वाटेतली एकेक वस्ती गाळली. ३० जून २००९ ला वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला आणि माहीम, दादर, प्रभादेवी सुटलं. २०१४ मध्ये विमानतळाचं नवं टर्मिनल, टी-टू, आलं, सोबत सहारचा उन्नत मार्ग आला, आणि चकाल्याचा तो सिग्नलांनी भरलेला भाग खाली राहिला. २०२४ साली सागरी किनारा रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला. तो पुढे सेतूला जोडला गेला, तेव्हा वरळी नाका, हाजी अली, पेडर रोड हेही बाजूला पडले. आता रात्री सहारहून निघालेला माणूस काचा बंद करून, बराचसा समुद्र बघत मरीन ड्राइव्हला पोचतो. वेळ निम्म्याहून कमी लागतो, दृश्य सुंदर असतं. पण वाटेत कुणाचं घर लागत नाही. पद्मिनीही त्याच सुमारास गेली: टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची गाडी २००३ सालची, वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली.

म्हणूनच भुयारी मेट्रोनं मला चकित केलं. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि वर्षभरानं, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ती कफ परेडपर्यंत पोचली. जमिनीखालून जाणारी गाडी म्हणजे शहर पुरतंच दिसेनासं होणार, अशी माझी समजूत होती. पण टी-टूला बसलो आणि मराठीतून एकेक स्थानक पुकारलं जाऊ लागलं. मिठी नदीच्या खालून धारावी, मग शीतलादेवी मंदिर, दादर, सिद्धिविनायक, वरळी. टॅक्सीच्या जुन्या वाटेवरची नावं, त्याच क्रमानं! पुढे आचार्य अत्रे चौक, महालक्ष्मी, ग्रँट रोड, आणि गिरगाव. विमानतळावरून गिरगावला थेट गाडी. आत्या असती तर तिला हे दोनदा सांगावं लागलं असतं. या स्थानकांसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या जुन्या इमारती पाडाव्या लागल्या, तिथली कुटुंबं हलली. त्यांना आपल्याच भागात परत घर मिळायला हवं, आणि ते मिळेपर्यंत या सोयीचा हिशेब पुरा झाला असं मी मानणार नाही.

मात्र सगळ्यात मोठा फरक प्रवाशांपेक्षा विमानतळावर राबणाऱ्यांना पडला आहे. सफाई करणारे, सामान चढवणारे, दुकानांत दिवसभर उभ्या असलेल्या मुली. हे सगळे अंधेरी स्टेशनच्या गर्दीतून बाहेर पडून शेअर रिक्षासाठी रांगा लावायचे. आता ३३.५ किलोमीटरच्या सबंध मार्गाचं भाडं ७० रुपये आहे. जुन्या टॅक्सीची मला कितीही ओढ असली, तरी ती या लोकांसाठी कधीच नव्हती. संध्याकाळी त्यांना गळ्यातल्या ओळखपत्रासकट गार डब्यात बसून घरी जाताना बघून मला मनापासून बरं वाटतं.

अडचण उरते ती रात्रीची. शेवटची मेट्रो साडेदहाच्या सुमारास सुटते, आणि पहिली पहाटे सहाच्या आसपास. आखातातून दोन-अडीचला उतरणाऱ्या कामगाराला मधले तास तिथेच काढावे लागतात, नाहीतर मोबाइलवर गाडी मागवून रात्रीचं चढं भाडं द्यावं लागतं. बोगद्याची आणि रुळांची देखभाल रात्रीच करावी लागते, हे मान्य. मग त्या वेळात टी-टूहून दादरमार्गे गिरगावपर्यंत तासाला एक बस का सोडू नये? बॅगा ठेवायला जागा असलेली, मेट्रोइतक्याच भाड्याची. खेड-दापोलीच्या मंडळींना तिची गरज नाही. त्यांच्या जीपची आता मोठी गाडी झाली आहे, आणि एकाला न्यायला अजूनही पाच जण येतात.